तिसरी कांडी

काम तसं काहीच नव्हतं. हट्ट्याला जायचं, रागिणीला स्कूटीवर मागं बसवायचं आणि वसमतला घेऊन यायचं. नांदेडच्या स्पर्धेला जाणारी जीप दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघणार होती, आणि त्या वेळेला हट्ट्याहून एसटी मिळत नाही.

"एवढंच काम," बंडोपंत म्हणाले. "आमच्या अनुश्रीचं. तिनं मला सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही. मधे कुणी मोबाईलची बॅटरी लावायची नाही."

लाईट गेली होती. कॉलेजच्या सरावाच्या खोलीत 'बिनसाज' या गायनगटाची नवी मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली होती. बंडोपंत कॉलेजचे निवृत्त हेडक्लार्क. गटाच्या पहिल्या वर्षापासून या खोलीची किल्ली त्यांच्याच कनवटीला. देवश्रीनं मघाशी सहज विचारलं होतं, सरावाआधी ज्येष्ठमधाच्या तीन कांड्या काहून काढायच्या? पाया धरणारे दोघं, त्यांना दोन. मग तिसरी खिडकीत कुणासाठी? आता तिला वाटत होतं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. तिची पाठ नेमकी खिडकीकडे होती.

"काका, घाबरवायचं असंल तर आधीच सांगा," मुकुल म्हणाला. "ही देवश्री मांजर शिंकलं तरी किंचाळते."

"गप रे!"

"आधी गटाचं ऐका," बंडोपंत म्हणाले. "गाताना काही वाजवायचं नाही, हे आपल्याकडं कुणी ठरवून केलेलं नाही. सत्त्याण्णव साली पोरं परभणीला महोत्सवाला निघाली. पेटी बसच्या टपावर टाकली आणि उतरताना विसरली. बस गेली पुढं जिंतूरला. आता गायचं कशावर? तर औंढ्याचा दत्तप्रसाद म्हणाला, मी 'सा' धरतो, तुमी गा. देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा, छाती अशी! त्यानं धरला, बाकीचे त्यावर उभे राहिले, आणि पहिलं बक्षीस घेऊन आले. तेव्हापासून साज नाही. सूर धरणाऱ्याला म्हणायचं पाया."

"आणि ज्येष्ठमध?"

"त्याच्या खिशात कायम असायचं. कुणाचा घसा बसला की कांडी पुढं. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला त्याच्या अंगात ताप होता. पण दुसरं कोणी पाया धरणारं नव्हतं. उभा राहिला. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पडदा पडला... हा धरूनच. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला तेव्हा खाली बसला. परत उठला नाही."

देवश्री खिडकीपासून जरा पुढं सरकली.

"मग नियम झाला. पायाला दोघं. एकानं श्वास घेतला की दुसऱ्यानं उचलायचं. जोडीदारानं उचलल्याशिवाय सोडायचं नाही. मेलं तरी सोडायचं नाही, असं पोरं थट्टेनं म्हणायची."

त्या वर्षी पाया धरायला होत्या अनुश्री आणि रागिणी.

दोन हजार एकोणीस, डिसेंबरातला तिसरा शुक्रवार, मार्गशीर्ष वद्य नवमी. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. रागिणीच्या आईनं पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही, त्यामुळं निघेपर्यंत चांगलंच अंधारलं. निघताना अनुश्रीनं सवयीनं ज्येष्ठमध पुढं केलं.

"शी! मुळ्या चघळायला मी काय शेळी आहे?" रागिणी म्हणाली. तिला त्या वासानंच मळमळायचं. गटात तिच्या वाटची कांडी नेहमी अनुश्रीच चघळायची.

अनुश्रीनं पुडी स्कूटीच्या डिकीत टाकली. दोघींचे मोबाईलही तिथंच. थंडी झोंबत होती. दोन्ही बाजूंना हळदीची रानं, पानं पिवळी पडायला लागलेली. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागं एक लाल दिवा नाही, आणि गाणी अशी मोठ्यानं लावलेली की रस्ता दणाणत होता.

"ह्याला सांग, पाया कच्चा आहे याचा," रागिणी कानात ओरडली. दोघी हसल्या.

कालव्याच्या पुलाजवळ ट्रॉली एकदम डावीकडं आली. अनुश्रीनं हँडल वळवलं. चाक वाळूवरून घसरलं. गाणी तशीच वाजत पुढं निघून गेली.

शुद्धीवर आली तेव्हा ती कालव्याच्या उतरत्या फरशीवर पालथी पडली होती. रब्बीचं पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ. स्कूटी पाण्यात. रागिणीचा पाय स्कूटीखाली. पाणी तिच्या गळ्यापर्यंत. आणि तिचं मनगट अनुश्रीच्या दोन्ही हातांत... ते कधी धरलं, हे अनुश्रीला आजही आठवत नाही.

"रागे! रागे, वर ये ना गं!"

"पाय निघत नाही. अनू, सोडू नको."

"नाही सोडत."

ती ओरडली. वाचवा म्हणाली, काका म्हणाली, कुणीतरी या म्हणाली. ओरडून ओरडून आवाज फाटला. पुलावरून एक मोटारसायकल गेली, थांबली नाही. वर जाऊन कुणाला आणावं तर हात सोडावा लागणार. हात सोडला तर रागिणी खाली जाणार. फरशी शेवाळलेली होती. तीही इंचाइंचानं खाली सरकत होती.

"झोप येऊन राहिली मला," रागिणी म्हणाली.

"झोपू नको! आईची शपथ आहे तुला. ऐक... पाया धर. ओरडणं जवळच पडतं, सूर लांब जातो. माहीत आहे ना? धर माझ्यासंगं. झोपायचं नाही आणि सोडायचं नाही."

तिनं 'सा' लावला. फाटका लागला. पुन्हा लावला. छाती रिकामी झाली तेव्हा पलीकडून रागिणीनं उचलला, थरथरत. मग हिनं. मग तिनं. पाण्यावरून सूर शेतांत जात राहिला. कुठं कुत्रंही भुंकलं नाही.

रागिणीचा सूर बारीक होत गेला.

अनुश्रीची बोटं बधिर झाली. मनगट हातात आहे की नाही, कळेना. ती फक्त ऐकत होती. रागिणीचा सूर येतोय, म्हणजे रागिणी आहे. एवढंच.

हिनं सोडला. तिनं उचलला.

हिनं सोडला...

उचलला गेला. जरा खालून. जरा भरदार.

देवा, बरं वाटतंय वाटतं तिला, असं अनुश्रीच्या मनात आलं. मग अंधार आणखी अंधारला.

दवाखान्यात तिला जाग आली तेव्हा समोर घोंगडी पांघरलेला एक म्हातारा बसला होता. नामाजी. कालव्यापलीकडच्या रानात त्यानं मेंढरं बसवली होती. त्यानं आणि त्याच्या भावानं दोघींना बाहेर काढलं होतं. बंडोपंतही तोवर येऊन पोचले होते.

"रागिणी?"

बंडोपंतांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. छातीत पाणी गेलेलं. डॉक्टर म्हणाले होते, मोठ्या दवाखान्यात हलवायच्या अवस्थेत नाही. श्वास उतरत चाललाय. रात्र निघाली तर पाहू.

"बाई," नामाजी हळूच म्हणाला, "तुमच्या संगं बाप्या कोन व्हता?"

"कुणीच नाही. आम्ही दोघीच."

"मंग गाऊन कोन राहिला व्हता? आवाज ऐकूनच तर आमी आलो. एकदाबी तुटला न्हाई. येऊन पाहतो तं तुमी दोगीबी निपचित. ह्या पोरीचं तोंड पान्याखाली... निम्मं. आन् सूर चालूच."

अनुश्री उठून बसली. बोलायला गेली. थांबली.

कारण तो अजून चालू होता.

"काका, ऐकू येतंय?"

"काय?"

"सूर."

बंडोपंतांना काही ऐकू येत नव्हतं. नामाजी मात्र घोंगडी घट्ट लपेटून भिंतीला टेकला.

अनुश्री भिंतीला धरत आतल्या दाराशी गेली. रागिणीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. उशाशी मिराबाई नर्स स्टुलावर बसलेली. सूर तिथूनच येत होता. रागिणीकडून नाही. तिच्या अंगावरून... जसं कुणी कुणाला पांघरूण धरून उभं राहावं. आणि तो दमला होता. मधेच कापत होता. पुन्हा सावरत होता. कितीतरी वेळ झाला, कुणी उचललाच नव्हता.

त्याच्या जोडीला गॅदरिंगच्या रात्रीही कोणी नव्हतं.

सूर खचला. रागिणीची छाती थांबली.

सावरला. छाती हलली.

"मी उचलते," अनुश्री म्हणाली. "सोडा तुम्ही. मी घेते."

घशातून नुसती हवा आली.

"ओ ताई," मिराबाई उठली, "भाईर व्हा, पेशंट सीरियस हाय."

पुन्हा लावला. रक्ताची चव आली. पुन्हा... लागला. फाटका, घोगरा, पण लागला. बाहेर पेशंटचे नातेवाईक उठून बसले. कुणीतरी शिवी दिली. बंडोपंत दारात हात आडवे करून उभे राहिले.

तो दुसरा सूर क्षणभर हिच्या सुराला टेकला.

मग नव्हता.

आता फक्त अनुश्री. आणि तिचा श्वास संपत आलेला. आता कोण उचलणार? छाती जळायला लागली. डोळ्यांपुढं काजवे. उचल. उचल गं, रागे. मी सोडणार नाही. उचल...

संपला.

...

...

मास्कच्या आतून आला. मुंगीएवढा. पण 'सा'च.

इकडं सतरंजीवर मुलं एकमेकांना आणखी चिकटून बसली होती. मग मुकुलनं हळूच विचारलं, "म्हणजे... वाचली?"

"वाचली. औरंगाबादला असते. लेकरू आहे तिला." बंडोपंत म्हणाले. "तेव्हापासून तिसरी कांडी. दत्तप्रसादला जोडीदार आहेत, हे त्याला कळावं म्हणून."

"पण काका," देवश्रीचा आवाज चिरकला, "नामाजीनं ऐकलं, अनुश्रीताईनं ऐकलं. तुमी तर काहीच ऐकलं नाही. मग तुमचा विश्वास कसा बसला?"

बंडोपंतांनी खिसा चाचपला.

"पहाटे डॉक्टरनं मास्क काढला," ते म्हणाले. "रागिणीच्या दातांत ज्येष्ठमधाची कांडी होती. एक टोक चघळलेलं. मिराबाई रडायला लागली. म्हणे, मी उशापासून हलले नाही, कुणाला पलंगाजवळ येऊ दिलं नाही, मास्क हलवला नाही. आमची पुडी तर कालव्यात. आणि ही पोरगी, जिला वासानं मळमळतं... ती कांडी मी ठेवून घेतली."

अंधारात डबी उघडल्याचा बारीक आवाज झाला.

"सहा वर्षं झाली. देवश्री, हात पुढं कर."

"नको काका."

"कर गं. बोट लाव नुसतं."

तिनं लावलं.

ओली होती. आणि कोमट.