हात लावायचा न्हाई

रक्ताचं नातं साक्षात मृत्यूलाही तोडता येत नाही! हंबीररावांनी ते नऊ वर्षांपूर्वी, आईच्या तेराव्याला, भरल्या अंगणात, एका वाक्यात तोडलं होतं.

"आईला खांदा द्यायला आला न्हाईस... मी मेल्यावर मला हात लावायचा न्हाई!"

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ जोतीराम फौजेच्या दवाखान्यात नोकरीला, लेहला. बर्फाने रस्ता बंद होता, म्हणून तो थेट तेराव्याला पोचलेला. त्याने खुलासा केला नाही. फौजेत हुकूम ऐकतात, कारण सांगत बसत नाहीत... पुढे निवृत्त होऊन तो गावी आला, शेजारच्या दोन खोल्यांत राहिला, आणि ज्या साळूवहिनीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं तिच्या हातची भाकरी त्याने व्याकूळ अंतःकरणाने, पण मधल्या भिंतीवरून, घेतली.

यंदा कराडजवळच्या साखर कारखान्यावर गळीत हंगामाचं मोळीपूजन होतं. जोतीराम तिथल्या प्रथमोपचार खोलीत कामाला. हंबीरराव मोळी टाकायच्या मानकऱ्यांत, पूजेला साळूवहिनीही सोबत. फेटा सावरत त्यांनी उसाची मोळी उचलली, ऊस गाळायला नेणाऱ्या गव्हाणीत टाकली... आणि तिथेच कठड्याशी कोसळले!

"फिट आली! कांदा आणा!"

"चप्पल हुंगवा!" चार संचालकांनी तत्परतेने आपापली चप्पल काढली.

जोतीराम धावला. हाक मारली; ओ नाही. श्वास म्हणावा असा नाही, घशात नुसती घरघर. नऊ वर्षं जिवापाड पाळलेलं ते वाक्य त्याला आठवलं... एक क्षण, एकच क्षण तो थबकला. मग थोरल्या भावाच्या छातीवर दोन्ही तळवे रोवून जोरजोरात दाबू लागला.

"एकशेआठला फोन लावा! माझ्या खोलीतली शॉकची पेटी आणा!"

पेटी आली. सदरा फाडून त्याने एक चकती उजव्या खांद्याखाली चिकटवली, दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. पेटी बोलू लागली, "मरीज को कोई हाथ न लगाए!"

जोतीरामच्या काळजात चर्र झालं. पेटीसुद्धा दादाच्याच बाजूची!

साळूवहिनी मात्र नवऱ्याचा हात सोडेना. "शॉक लागून मान्सं मरत्यात रं, जोत्या!"

"वैनी, काळीज नुसतं थरथरतंय त्यांचं, ते ताळ्यावर आणायचंय. आत्ता हात सोडा... मग जल्मभर धरा!"

तिने सोडला. त्याने बटण दाबलं. देह उसळला. लगेच पुन्हा छाती दाबणं... दुसऱ्या शॉकनंतर हंबीरराव कण्हले.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांनी धाकट्याकडे रोखून पाहिलं. "जोत्या, मी काय म्हणलो हुतो?"

"मेल्यावर हात लावायचा न्हाई म्हणला हुतासा, दादा. पार थांबलेल्या काळजाला ती पेटी शॉकच देत न्हाई. म्हंजे तुमी मेला न्हवतासा. शबूद मोडला न्हाई मी."

हंबीररावांनी मान भिंतीकडे वळवली. "बर्फानं रस्ता बंद हुता, ते तवाच कळलं हुतं रं मला... पन तोंडातनं शबूद गेला हुता. चार मान्सांत माघारी कसा घ्यायचा, गड्या?"

त्यांनी हात पुढे केला. जोतीरामने तो धरला आणि नऊ वर्षांचा बांध फुटून तो त्यांच्या छातीवर कोसळला! हंबीररावांनी असा काही हंबरडा फोडला की साळूवहिनीने पदर डोळ्यांना लावला, दारातली नर्ससुद्धा गहिवरली.

छाती दाबताना त्यांच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या.