याऐवजी असे वाचावे

त्या दैनिकाच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, एक चौकट असायची. काल छापलेली चूक आज तिथे कबूल करायची, तीही ठरलेल्या साच्यात : ‘अमुक याऐवजी तमुक वाचावे.’ आजोबांनी पेपर काढला तेव्हापासूनचा हा दंडक. पुढे वडिलांनी तो पाळला, आणि आता संपादकाच्या खुर्चीत त्यांची लेक होती, तीही पाळत होती. लोक थट्टेने म्हणायचे, बातम्या काय, कुठेही मिळतात. आम्ही पेपर घेतो तो चौकटीसाठी.

चौकटीची जबाबदारी तिच्या काकांकडे. वडिलांचे धाकटे भाऊ, वय त्र्याहत्तर, मुद्रितं तपासायचे. ह्रस्व-दीर्घाच्या मागे असे हात धुऊन लागत की सगळं ऑफिस त्यांना वेलांटीकाका म्हणे. लग्न केलं नाही. “बायकोच्या पत्रात चुका काढल्या असत्या, बसली असती माहेरीच,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वडील गेल्यावर त्यांनीच तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. तिचाही त्यांच्यावर भारी जीव.

पेपरला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून खास अंक काढायचा होता आणि पेपरचा इतिहास ती स्वतः लिहीत होती. दुपारच्या उन्हात, फायलींच्या खोलीत, दोघं जुने अंक चाळत बसली होती. कागदाला हात लावला की कोपरे तुटून मांडीवर पडत.

“काका, हे काय? तुम्ही तर आठव्या वर्षीच बुडालात की!” ती हसतच ओरडली.

बातमी चार ओळींची होती. नदीत नाव उलटली. संपादकांचा धाकटा मुलगा बुडाला. नावाड्याचा मुलगा तेवढा वाचला. दुसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती होती : ‘नावाड्याचा मुलगा’ याऐवजी ‘धाकटा’ वाचावा.

“स्वतःच्या मुलाच्या बातमीत अशी चूक? कमाल आहे आजोबांची!”

काका हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

“बातमीत चूक नव्हती, बाळ. तो नावाड्याचा पोरगा याच टेबलावर बसून बाबांना सगळी हकिगत सांगून गेला होता. मला तपासून डॉक्टरांनी मान हलवली होती. मग बाबा चौकट लिहायला बसले. त्यांना एवढंच म्हणायचं होतं गं, धाकटा वाचावा. पण आपल्या चौकटीत नुसतं ‘वाचावा’ कुठे येतं? आधी ‘याऐवजी’ लागतं.”

“पुढे?”

“पेपर घरोघरी गेला आणि मी उठून खायला मागितलं. दुपारी तो पोरगा नदीकाठच्या गवतात सापडला. छातीत पाणी, आणि अंगावरचे कपडे कोरडे.”

“तुम्ही बेशुद्ध असाल, काका. डॉक्टर चुकले असतील. तो पोरगा पुन्हा पाण्यात गेला असेल.”

“असेल. पण इतिहास लिहितेस ना? मग एवढी दुरुस्ती राहिलीय. उलटी करून लाव.”

“मुळीच नाही!” तिचा आवाज चढला. यातला एक शब्दही तिला खरा वाटत नव्हता, तरी जीव घाबरा झाला. “आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?”

“पासष्ट वर्षं जगलो की. त्याच्या वाटणीची.”

तिने नावाड्याच्या मुलाबद्दल दोन मायेची वाक्यं लेखात घातली. चौकटीत ‘काल चूक नाही’ एवढंच ठेवलं आणि शेवटचं वाचन करायला पान नेहमीसारखं काकांपुढे सरकवलं. ते पाठमोरे होऊन बराच वेळ वाचत होते. मग सही करून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“छान लिहिलंयस. एक वेलांटी चुकली होती, ती केली नीट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आपला आणि काकांचा बिनसाखरेचा चहा ट्रेमध्ये घेऊन निघताना तिची नजर ताज्या अंकाच्या चौकटीवर गेली.

‘धाकटा’ याऐवजी ‘नावाड्याचा मुलगा’ वाचावा.

हातातला ट्रे तसाच घेऊन ती काकांच्या खोलीकडे धावली. चहा हिंदकळून बोटं भाजली.

वाटेत काउंटरपाशी एक म्हातारा उभा होता. तळहातांना वल्ह्यांचे घट्टे. मागे मुलगा, सुना, पाच-सहा नातवंडं. यातलं कोणीही तिने आजवर पाहिलं नव्हतं.

“दहा अंक द्या, ताई. आमचं छापून आलंय म्हणतात.”

नातवंडं चौकट शोधायला एकमेकांना ढकलत होती. सगळ्यात धाकटीला वाचता येत नव्हतं, तरी तीच मोठ्याने वाचत होती. ते पाहून ट्रे धरल्या धरल्या तिला हसू आलं.

मग ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

आत जुन्या रद्दीचे गठ्ठे होते, जमिनीपासून छतापर्यंत. वर्षानुवर्षांची धूळ बसलेली.

ती जराशी थांबली. काहीतरी घाईचं होतं.

“अहो,” परत येऊन तिने काउंटरवरच्या कारकुनाला विचारलं, “हा दुसरा कप, बिनसाखरेचा, मी कोणासाठी केलाय?”