उचलण्याची वर्षं

"ध्येय निवडा," भिंतीवरचा पडदा म्हणाला. "वजन कमी करणं, दम वाढवणं, की सांधे मोकळे ठेवणं?"

हेमलता दातीर सतरंजीवर बसल्या होत्या. सकाळचे साडेसातच वाजले होते आणि त्या आत्ताच दमल्या होत्या.

"यातलं काही नको," त्या म्हणाल्या. "मला मुलाला उचलायचंय. अडुसष्ट किलो. सकाळी पलंगावरून खुर्चीत, संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर."

"किती वर्षं?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. चाकाच्या खुर्चीतून ओजसच म्हणाला, "जितकी जमतील तितकी."

ओजस एकतीस वर्षांचा होता. स्नायू विरत जाण्याच्या आजारानं त्याचे पाय शाळेतच गेले होते. बोटांत मात्र अजून जोर होता. त्या बोटांनी तो घरबसल्या मुद्रितं तपासायचा आणि दुपारी खुर्ची चालवत मिरजेतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मित्रांबरोबर चहाला जायचा. त्याला उचलायला छताला टांगायचा पाळणा आणून पाहिला होता, पण त्यात त्याचा श्वास कोंडायचा. मदतीला ठेवलेल्या माणसाच्या हातून तो एकदा पडला, तेव्हापासून हेमलताबाईंनी दुसऱ्या कुणाला त्याला उचलू दिलं नव्हतं. आता त्या एकोणसाठच्या होत्या आणि महिनाभर त्यांच्या कमरेत चमक भरत होती.

म्हणून दवाखान्यातून हा स्नायुलेख आणला होता. बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या, पाठीला आणि मांड्यांना चिकटवायच्या. कोणता स्नायू किती झिजला, किती भरून आला, हे त्या कातडीवरून वाचायच्या आणि पडदा त्यावरून आठवड्याचं व्यायामाचं चक्र आखायचा.

सोमवारी मांड्या: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. मंगळवारी पाठ: दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढायचा. गुरुवारी पोट आणि कंबर. शुक्रवारी पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या. शनिवारी नुसतं अंग मोकळं करायचं. बुधवार आणि रविवार विश्रांती.

"विश्रांती कसली?" हेमलताबाई म्हणाल्या. "त्या दिवशीही याला उचलायचंच ना!"

"मग स्नायू भरून येणार नाहीत. असंच चाललं तर तुम्ही आणखी सुमारे चार वर्षं उचलू शकाल. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती घेतलीत, तर सहा."



"बुधवार-रविवार मी पलंगावरच," ओजस म्हणाला. "पडूनही वाचता येतं."

"आणि तुझा चहा?"

"तू करशील की."

दोन महिन्यांत कमरेची चमक गेली. पडद्यावरचा आकडा साडेसहावर आला. मग ओजसनं शनिवारीही उठणं सोडलं, पाठोपाठ सोमवारी आणि शुक्रवारी. चहाचे सोबती आधी फोन करायचे. हळूहळू तेही थांबलं. पडून पडून त्याच्या पाठीला लाल चट्टे उठायला लागले. हेमलताबाई त्याला कुशीवर वळवायच्या, तेल लावायच्या. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण आकडा चढत होता, आणि रोज सकाळी त्या लेकाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्या आकड्याकडे बघायला लागल्या होत्या.

एका शुक्रवारी दुपारी त्या कॅन घेऊन गॅलरीतून परतत होत्या. ओजसचा दबका आवाज कानावर आला.

"आणि मी कधीच उठलो नाही, तर?"

"अकरा वर्षं," पडदा म्हणाला.

हेमलताबाईंनी कॅन दारातच ठेवले. आत येऊन मांड्यांवरच्या दोन्ही पट्ट्या उपटल्या. पाठीवरच्या पट्ट्यांना हात पोचेना. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि पाठ त्याच्या हाताशी नेली.

"काढ त्या."

नखानं कड सोडवायला त्याला बराच वेळ लागला. एक पट्टी निघाली, दुसरी अर्ध्यावर अडकली.

"आई, अकरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत गं."

"नाहीतच," त्या म्हणाल्या. "पण तू उठणारच नसशील, तर अकरा वर्षं मी उचलायचं कुणाला?"