पंखावरचं ठिगळ

"नवऱ्याचं नाव काय?" सुकदेव शिंप्याने विचारलं, आणि समोरच्या बाई गप्पच झाल्या.

झालं! सकाळची बोहनी, आणि तीही मुकी, सुकदेव मनात म्हणाला. १९५४ सालचा वैशाख. जळगावातला त्याचा फोटो स्टुडिओ सकाळीच भट्टीसारखा तापला होता. मागच्या खोलीत त्याचा मित्र लीलाधर बोरोले चहा फुंकत बसला होता. लीलाधर खाजगी गुप्तहेर. त्याला पाटी नव्हती, ऑफिस नव्हतं. सुकदेवची मागची खोली हेच त्याचं ऑफिस, आणि सुकदेवचा चहा हीच त्याची मिळकत, असं सुकदेव येईल त्याला ऐकवत असे.

"नाव लेऊ का नको, तेच माले कळत नही, भाऊ," बाई शेवटी म्हणाल्या. "तो मना नवरा शे तं नाव कसं लेऊ? आनि नही, तं लेवाले हरकत काय शे?"

मागच्या खोलीतली फुंकर थांबली. लीलाधर कपबशी घेऊनच बाहेर आला. "बसा, अक्का. हे काम याचं नाही, माझं आहे."

सुनंदाबाई धरणगावच्या. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा तोताराम पळून गेला. त्याचं तोंडही त्यांनी धड पाहिलं नव्हतं. पुढची तीस वर्षं त्या कपाळी कुंकू लावून सासरी राबल्या. सासू-सासरे त्यांच्याच हातून पाणी पिऊन गेले. आणि मागच्या महिन्यात एक माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, मी तोताराम.

"आखाजीना सणले गाव जमी, पंच विचारतीन," बाई म्हणाल्या. "माले वावर नको, काहीच नको. तो तोच शे का, इतलंच सांगा. परका शे तं त्याना संगे कशी राहू? आनि तोच शे, तं दारमधून कशी हाकलू?"

सोबत पुतण्या झुलाल होता. शेती तोच कसत होता. हा माणूस काका ठरला तर वावर वाटलं जाणार, ही काळजी त्याच्या तोंडावर सरळ दिसत होती. त्याने एक जुना फोटो टेबलावर ठेवला. "हा त्याचा पुरावा. म्हणतो, कराचीला विमानांच्या कारखान्यात होतो."

फोटोत एक तरुण लांब कोट घालून, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून, अनवाणी उभा होता. हात दोन मजली पंखांच्या एका विचित्र विमानावर; त्याच्या नाकावर नुसताच पंखा. वरच्या पंखावर काळं स्वस्तिक, चारही घरांत एकेक ठिपका, आणि त्याखाली चौकडीच्या कापडाचं ठिगळ. मागे अंधूक अशी मोठी गोल कमान.

"मी नाशिकच्या एका रिटायर साहेबांना दाखवला," झुलाल म्हणाला. "विमानांतले जाणकार. ते म्हणाले, दोन मजली पंख आणि स्वस्तिक, म्हणजे फिनलंडचं जुनं लढाऊ विमान. त्यांचं निळं स्वस्तिक असतं, हिटलरच्या आधीपासूनचं. ठिगळ लावलंय ते गोळीच्या भोकाला, आणि मागची कमान विमानाच्या शेडची. आता धरणगावचा पोरगा फिनलंडात कधी गेला? याने आपलं तोंड चिकटवलंय!"

सुकदेवने भिंग लावलं. आपल्या धंद्यात तो कुणाला हार जात नसे. "तोंड बिंड काही चिकटवलेलं नाही. एका काचेवरचा एक फोटो आहे. हा माणूस तिथे उभा होता, बस्स. फक्त कोपऱ्यातला फोटोवाल्याचा छाप कुणीतरी ब्लेडने खरवडलाय."

"फोटोतलं तोंड त्याचंच ना?" लीलाधरने विचारलं.

"त्याचंच. कानसुद्धा तोच," झुलाल म्हणाला.

"त्या काळातला घरचा एखादा फोटो?"

बाईंनी पिशवीतून सासू-सासऱ्यांचा फोटो काढला. सुकदेवला हसू आलं. "सासूबाईंच्या कपाळाला डांबर कुणी लावलं?"

"कुंकू शे ते!"

"कुंकूच हो, अक्का. पण त्या वेळच्या काचांवर लाल रंग काळा यायचा आणि निळं आभाळ पांढरं फट्ट."

लीलाधरने कप खाली ठेवला. "सुकदेवा, आजपर्यंतचा सगळा चहा तू वसूल केलास."

काय केलं, हे सुकदेवला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. लीलाधर लढाईत विमानं ओळखायच्या तुकडीत होता. ढगातून नुसती शेपटी दिसली तरी विमानाचं नाव सांगे. आता सांगेल, मग सांगेल, म्हणून सुकदेव धरणगावपर्यंत वाट पाहत राहिला. लीलाधर मात्र बाईंशी लग्नाच्या गप्पा मारत होता. जेवणावळी, मांडव, मानपान. गुप्तहेराला हे कशाला हवं?

"लगीनमाच अपशकुन व्हयना," बाई सांगत होत्या. "मंगलाष्टकं चालू व्हतात, मशालनी ठिणगी अंतरपाटवर पडनी आनि भोक पडनं. सासूबाईनी तठेच आपलं लुगडं फाडीसन ते भोक बुजाडं. बाया म्हनन्यात, हाई काही नांदाव नही."

घरी ओसरीवर कौतिक आबा बसले होते. तोतारामचे चुलते, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी अधू.

"आबा, तो गेला तेव्हा कुणी पाहिलं?"

"मीच दखा. झुंजुमुंजू व्हतं. भाकरी मांडवमधलाच एक फडकामा बांधेल व्हत्यात. लहानपणपाईन इमाननं येड. एक डाव गाववरून इमान गयं, तं पोऱ्या जेवनाच नही. माले म्हनना, आबा, येसू तं इमानमा बशीसन येसू, नहीतं येवाव नही."

"आणि हा तोच आहे?"

आबांनी मान हलवली. "आवाज मना भाऊना शे. पन नुसता आवाजवर सून कशी सोपाडू?"

गोठ्याशेजारच्या खोलीत तो माणूस बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, हाताला घट्टे. खोलीत खुर्ची नव्हती, म्हणून सुकदेव ट्रंकेवर टेकला.

"तिथं नका बसू!" माणूस ताडकन उठला. मग ओशाळून त्याने घोंगडी पसरली.

"कराचीला काय करत होतात?" लीलाधरने विचारलं.

"विमानांची देखभाल."

"पाऊस आला की काय करायचे?"

हे मात्र त्याने हसून सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. "पाऊस आला की धांदल! पंखांचं कापड उतरवायचं, घडी घालायची, ट्रंकेत टाकायचं. सांगाडा आम्ही दोघं मिळून उचलून आत न्यायचो."

बाहेर आल्यावर सुकदेव म्हणाला, "काय बारीकसारीक माहिती आहे रे त्याला! खराच कारागीर दिसतो."

"अगदी खरा," लीलाधर म्हणाला. "संध्याकाळी सगळ्यांना ओसरीवर बोलव. आणि त्याला म्हणावं, ट्रंक घेऊन ये."

दिवेलागणीच्या आधी सगळे जमले. झुलाल खांबाला टेकून उभा होता, सुनंदाबाई दाराआड होत्या.

"नाशिकच्या साहेबांना विमानं कळतात," लीलाधरने सुरुवात केली, "पण हे विमानच नाही. म्हणून ते फसले."

"म्हंजे?" आबांनी विचारलं.

"याला पंखा आहे, पण पंख्यामागे इंजिन नाही. दोन माणसं ते उचलतात, पाऊस आला की पंख ट्रंकेत जातात. असं विमान जगातल्या कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही. मागची कमान शेडची म्हणे. आबा, जत्रेत आकाशपाळणा असतो की नाही? जत्रेतल्या फोटोवाल्याचं हे खोटं विमान! त्याच्याशेजारी उभं राहायचं, भाड्याचा कोट आणि चष्मा चढवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. बूट मात्र भाड्याने मिळत नव्हते."

झुलालने मांडीवर थाप मारली. "मग झालंच की! थापाड्या निघाला! हाकला त्याला!"

"थांब. फिनलंडचं स्वस्तिक निळं. सुकदेवा, तुझ्या काचेवर निळं कसं आलं असतं?"

"पांढरं फट्ट!" सुकदेव म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "पण हे काळं आहे. म्हणजे लाल! कुंकवाचं!"

"शाबास! चार घरांत चार ठिपके असलेलं कुंकवाचं स्वस्तिक. असं कापड कोणत्या कार्यात लागतं? आणि त्याखालचं चौकडीचं ठिगळ काही गोळीच्या भोकाला लावलेलं नाही."

दाराआड बांगड्या वाजल्या. सुनंदाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या.

"मशालनी ठिणगी," त्या पुटपुटल्या.

"हो, अक्का. मांडवातल्या फडक्यात भाकरी बांधून जो गेला, त्यानेच हे जत्रेतलं विमान बांधलं आणि ते फडकं त्याच्या पंखाला लावलं."

झुलाल इतक्यात हार मानणार नव्हता. "ते कापड याला कुठंही मिळालं असेल. खऱ्या काकाकडून चोरलं असेल!"

"चोरलं असतं, तर पहिल्याच दिवशी पंचांपुढे अंथरलं असतं. याहून मोठा पुरावा कुठला? याने ते ट्रंकेत दडवलं, फोटोवरचा छाप खरवडला, आणि कराचीची थाप मारली. तोतयाला जत्रेच्या तंबूची लाज कशाला? लाज एकालाच वाटणार. 'येईन तर विमानात बसून येईन' असं आबांना सांगून गेला, त्याला. तोतारामभाऊ, उघडा ट्रंक."

त्या माणसाने ट्रंक उघडली. वर पिवळट, जीर्ण कापड होतं. स्वस्तिक विटून गेलं होतं, ठिगळाची चौकडी मात्र शाबूत होती. आबांनी हाताने चाचपून पाहिलं आणि त्यांना रडू आवरेना. "वहिनीनं लुगडं शे रे हाई!"

"विमान मोडलं गेल्या जत्रेत," तोताराम खाली मान घालून म्हणाला. "मग कशासाठी राहणार तिथं? आणि रिकाम्या हाताने इथं काय सांगणार?"

सुनंदाबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "कोठे व्हतात?"

तो ट्रंकेची कडी चाचपत राहिला.

"मी इचारी ऱ्हायनू. तीस वरीस कोठे व्हतात?"

"धुळ्याले."

झुलालचा आ वासला.

"धुळ्याले!" बाईंचा आवाज चढला. "कराची ऱ्हातं तं मी म्हनतू, दूर शे, आगगाडी नही भेटनी. धुळं शे हो! सकाय निंघनं तं दुपारले घर! मी आठे देवले नवस करू, आनि तुम्ही तठे लोकेसले खोटा इमानमा बसाडा!"

बोलता बोलता त्या ढसाढसा रडल्या. लीलाधर जोड्यांत पाय घालू लागला. त्याचं काम झालं होतं. सुकदेवचे मात्र पाय निघेनात.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. ट्रंकेतलं कापड उचललं, ठिगळावरून एकदा हात फिरवला, आणि दाराच्या चौकटीला त्याची दोन टोकं बांधली. पडदा झाला. आत त्या, बाहेर तो.

"झुलाल, काकाले जेवाले वाढ," त्या आतून म्हणाल्या. "ओसरीवर. अंतरपाट तुम्हीच ली गयात ना? आते तो आठेच ऱ्हाई. कव्हय सोडाना, ते मी सांगसू."

झुलाल मुकाट्याने ताट आणायला गेला. तोताराम पडद्यासमोर मांडी घालून बसला, तो हलायचं नाव घेईना.