कंसातली चौथी जागा

मनासे आपटेकरला कोरा कागद बघवत नसे. पनवेलात दाजीशेठच्या भातगिरणीत तो चौदा वर्षं कारकुनी करत होता, आणि दसरा झाला की वर्षभराच्या सगळ्या वह्या आखून, ओळींना आकडे घालून मोकळा व्हायचा. गाडी यायच्या आधी गाडीची ओळ तयार. त्याची बायको सिप्पोरा म्हणायची, "तुम्ही पोर व्हायच्या आधी पाळण्याला नंबर घालाल." तो हसायचा आणि पट्टी सरळ धरून पुढची रेघ ओढायचा.

१९५९च्या ऑक्टोबरात मुंबईच्या एका कचेरीतून परिपत्रक आलं. यापुढे कारखान्यांची माहिती माणसं वाचणार नव्हती, मशीन वाचणार होतं, तेव्हा ती मशीनला समजेल अशीच लिहायची होती. आधी यादीचं नाव, मग उघडा कंस, मग नोंदी, मग बंद कंस. पहिल्याच कलमात बजावलं होतं की ज्या यादीत काहीच नाही तिचा कंस उघडून लगेच मिटावा. मध्ये आकडा, रेघ, टिंब, काही म्हणजे काही नको. सोबत हजेरीपटाची नक्कल जोडावी.

मनासेनं नक्कल जोडली आणि एकेक यादी भरत शेवटच्या यादीला आला. 'कामावर असताना मेलेले कामगार.' गिरणीत तोवर कुणी मेलं नव्हतं. त्यानं कंस उघडला, मिटला आणि बघत बसला. दोन कंस, मध्ये बोटभर जागा. त्याला ते अर्धवट सोडल्यासारखं वाटायला लागलं. हे परिपत्रक काढणाऱ्या साहेबानं जन्मात कधी वही आखली नसणार, असं पुटपुटत त्यानं मध्ये बारीक, सुबक आकडे घातले: १, २, ३, ४. पुढे कधी लागलं तर सोय. माणूस नाकासमोर चालणारा, पण हौस नडते ती अशी.

दिवाळी झाल्यावर पोच आली. जाड पिवळं कार्ड, त्याला बारीक चौकोनी भोकं पाडलेली, आणि वरच्या कडेला टाइप केलेली एक ओळ. 'मेलेले कामगार चार. तपशील येणे बाकी.'

दाजीशेठनी ते उजेडाला धरून भोकांतून बाहेर बघितलं. "लिवा त्यांना, आपटेकर. आमच्याकडं समदी जिती हायत म्हनावं."

मनासेनं तेच जरा सभ्य भाषेत लिहिलं. आठ दिवसांनी दुसरं कार्ड आलं. तीच ओळ, तीच भोकं.

तोवर नवं भात यायला लागलं होतं. गिरणीच्या दारापासून खाडीच्या रस्त्यापर्यंत बैलगाड्या लागायच्या, आत इंजिनाची धडधड, वर लांबलचक लोखंडी शाफ्ट आणि त्याच्यावरून खाली भात सडायच्या यंत्रापर्यंत, हलरपर्यंत, धावणारे चामड्याचे पट्टे. तुसाची धूळ एवढी, की समोरच्याचे नुसते डोळे दिसायचे. या सगळ्यावर हुकूम चालायचा सॅमचा. सॅम म्हणजे मनासेचा धाकटा भाऊ, गिरणीचा फिटर. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मनासेनं त्याला अक्षरशः कडेवर घेऊन वाढवलं होतं. आता तो बत्तीस वर्षांचा बाप्या होता आणि जानेवारीच्या बोटीनं इस्रायलला निघाला होता. पासपोर्ट मनासेच्या कपाटात होता, आणि दिवसातून एकदा मनासे तो काढून बघायचा. भाऊ जाणार म्हणून त्याला रडू यायचं आणि भाऊ जाणार म्हणून छातीही फुगायची.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला हलरवरच्या शिवाच्या खांद्यावरचा टॉवेल पट्ट्यात गेला. आधी टॉवेल, मग हात, मग शिवाच वर गेला. शाफ्टभोवती तो तीन-चार वेळा फिरला आणि दर फेऱ्याला त्याचं डोकं तुळईवर आपटलं. तो आवाज मनासेला कचेरीत ऐकू आला. ओला नारळ दगडावर आपटावा तसा. सॅमनं इंजिन बंद केलं, तरी शिवा थोडा वेळ सावकाश फिरतच राहिला. खालच्या पांढऱ्या तांदळाची रास लाल झाली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती.

मनासेनं नियमाप्रमाणे तपशील लिहून पाठवला. कार्ड आलं. 'एक मिळाला. बाकी तीन.'

सरकारी भाषा ती, असंच असायचं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

बारा दिवसांनी पोत्यांची थप्पी कोसळली. चांगली दोन पुरुष उंच, त्यानं स्वतः मोजून रचून घेतलेली थप्पी. तिला ना कुणी हात लावला होता ना धक्का. खाली गिरणीतली केरवाली भामा कोंडा झाडत होती. हमालांनी पोती ओढायला सुरुवात केली तेव्हा तिचा एक हात बाहेर होता आणि मुठीत केरसुणी होती. मूठ उघडत होती, मिटत होती. मग नुसती उघडी राहिली. त्याच वेळी पोस्टमन दारात आला, आतला गलका बघून घाबरला आणि मनासेच्या हातात डाक कोंबून निघून गेला. वरच पिवळं कार्ड होतं. 'दुसरा मिळाला. बाकी दोन.'

भामा अजून पोत्यांखालीच होती. आणि कार्डावर शिक्का होता तीन दिवसांपूर्वीचा.

मनासे घाबरला. सरळ सांगायचं तर त्याची पाचावर धारण बसली. त्यानं कार्ड सॅमला दाखवलं. सॅमनं तेलाचे हात पुसले, कार्ड वाचलं आणि परत दिलं.

"तारखेचा शिक्का चुकला असेल, दादा."

"तू उद्यापासून येऊ नको. घरी बस."

"नवा फिटर नाताळानंतर येतोय. तोवर थांबेन असा शब्द दिलाय मी दाजीशेठना. इंजिन दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर आणखी चार मरतील."

शब्दाला जागायचं मनासेनंच त्याला शिकवलं होतं.

पुढचं कार्ड एका सोमवारी सकाळी आलं. या खेपेला मजकूर वेगळा होता. 'तिसरा, भगवान. बाकी एक.'

भगवान समोरच पोतं पाठीवर घेऊन चालला होता. पंचविशीचा गडी, मे महिन्यात लग्न झालेलं. मनासे धावत गेला, त्याचं पोतं खाली उतरवलं आणि त्याला ओढत बाहेर आणलं. पट्ट्यापाशी नको, थप्पीपाशी नको, भिंतीपाशी नको. उघड्या अंगणात, जिथं वर नुसतं आभाळ होतं, तिथं त्यानं त्याला स्टुलावर बसवला आणि हातात पेन्सिल दिली. "आज तू फक्त गाड्या मोज. जागचा हलू नको."

भगवान खूश झाला. पण ते बाकीच्या हमालांच्या डोळ्यांवर आलं. कमळाकर नावाचा हमाल पाठीवर पोतं घेऊन जाता-येता त्याला डिवचायला लागला. सायब झाला. जावई झाला. भगवाननं दहा वेळा ऐकून घेतलं आणि अकराव्या वेळी त्याच्या आईवरून शिवी दिली. कमळाकरच्या हातात पोती ओढायचा लोखंडी हूक होता. तो त्यानं भगवानच्या गळ्यात, जबड्याच्या खाली घातला आणि पोतं ओढावं तसा झटका दिला.

भगवान स्टुलावरून उठला, चार पावलं मनासेच्या दिशेनं आला. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण आवाज गळ्यातून फसफसत बाहेर पडला. त्याची बायको वेणू भाकरीचं फडकं घेऊन तेव्हाच फाटकातून आत येत होती. तिनं ते फडकं त्याच्या गळ्यावर दाबून धरलं आणि ते भिजून जड होईपर्यंत सोडलं नाही.

मनासे त्या रात्री आणि पुढच्या तीन रात्री झोपला नाही. त्यानंच त्याला अंगणात बसवला होता.

शुक्रवारी पहाटेच्या एस.टी.नं तो मुंबईला गेला. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. आतल्या खोलीतून मशीनचा खडखडाट येत होता, जिना थरथरत होता आणि हवेला तापलेल्या कागदाचा वास होता. टेबलाशी चष्मेवाला एक गृहस्थ होता, बोलायला अगदी सौम्य. त्यानं फाइल काढली आणि मनासेच्या सुबक अक्षरातला कागद पुढे ठेवला.

"आकडे तुम्हीच घातलेत ना?"

"हो. पण यादी रिकामी होती."

"रिकामी यादी अशी नसते." गृहस्थानं कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन कंस काढले, एकमेकांना चिकटून. "ही रिकामी. तुमची चार जागांची आहे. जागा धरली की ती भरावी लागते."

"खोडा ती चौथी."

"खोडली तरी मशीन तिला जागाच समजतं. नवी यादी एक जानेवारीला. तोवर हीच." त्यानं पान उलटलं. "चौथं नाव तुम्ही देता की आम्ही घेऊ?"

"तुम्ही कुठून घेणार?"

गृहस्थानं हजेरीपटाची नक्कल काढली. शिवा, भामा आणि भगवान या नावांपुढे पेन्सिलीची फुली होती. चौथी फुली नुकतीच, फिकट काढलेली होती. सॅम आपटेकर.

खडखडाट चालू होता. कुणाचं तरी नाव द्यायचं म्हणजे कुणाला तरी द्यायचं, हे त्याला कळत होतं. पण चौदा वर्षं कारकुनी उगाच नव्हती केली. त्यानं टेबलावरचा टाक उचलला आणि चौथ्या आकड्यापुढे लिहिलं, भगवान.

"हे नाव आधी आहे," गृहस्थ म्हणाला.

"पुन्हा चालत नाही का?"

"चालतं की. यादीत एक नाव दोनदा येऊ शकतं. फक्त जागा भरेल त्या दिवशी तो हजेरीवर पाहिजे." त्यानं कागद टिपून घेतला. "तो येईपर्यंत जागा थांबेल. आला आणि हजेरी लागली नाही, तर मग ही चौथी फुली आहेच."

पण नाव तर लागलं. मनासे जिना उतरला तो हलका होऊन. मेलेला माणूस हजेरीवर येत नाही, आणि जानेवारी दोन आठवड्यांवर होती. सूर्य बुडायच्या आत तो घरी पोचला, सिप्पोरानं सब्बाथचे, शनिवारच्या विसाव्याचे दिवे लावले, सॅम जेवायला आला आणि मनासेनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं माशाची मोठी तुकडी वाढली. शनिवारी तो प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये गेला. रविवारी गिरणी बंद. दोन्ही दिवस तो गाढ झोपला.

सोमवारी साडेसातचा भोंगा झाला. मनासे फाटकापाशी टेबल मांडून हजेरी घेत होता. रांग पुढे सरकत होती, ती अचानक दोन्ही बाजूंना फाकली. कुणी ओरडलं नाही. माणसं नुसती भिंतीला टेकली.

भगवान टेबलासमोर उभा राहिला. गळ्याभोवती टॉवेल घट्ट गुंडाळलेला होता.

"हजेरी लावा, भाऊ," तो म्हणाला. शब्दांबरोबर टॉवेल आत-बाहेर होत होता.

मनासेनं हजेरीपट पाहिला. भगवानच्या नावावर त्यानं तांबड्या शाईनं मारलेली रेघ जागेवर नव्हती. चौकोन कोरा होता. आत इंजिनापाशी सॅम वाकून तेल घालत होता. त्याची पाठ दिसत होती, आणि पाठीच्या वर स्थिर लोंबणारा पट्टा.

हजेरी लावली नाही तर काय, हे त्याला माहीत होतं.

भगवानच्या मागून वेणू पुढे आली. कपाळावर कुंकू होतं, ताजं, घाईनं लावलेलं. आठ दिवसांत वाळलेल्या तिच्या तोंडावर असं काही होतं, की मनासेनं मान खाली घातली.

"सकाली ओट्यावर बसलेलं दिसलं," ती हळूच म्हणाली. "जास्त बोलत नाय. आज यांना हलकंच काम द्या, भाऊ."

मनासेनं टाक शाईत बुडवला. त्यानं चौकोनात हजेरी लावली. नेहमीसारखी, सुबक.

भगवान आत गेला.

"दुपारी भाकर घेऊन येतंय यांची," वेणू म्हणाली.

"दुपारपर्यंत थांबू नको," मनासे म्हणाला. "आत्ताच जा आणि घेऊन ये."

वेणू लाजून हसली.

"आता कशाला घाई, भाऊ. आता हायत ना ते."