घळीतला भुंकणारा कोआ

टूसॉनहून निघालेल्या गाडीत सगळा रस्ताभर एकच वाद चालला होता. यंदा तता आपल्याला घळीत नेतील की नाही?

तता म्हणजे ग्रासिएलाचे आजोबा. शाळा सुटली की जूनच्या सुरुवातीला ते तिला, तिच्या धाकट्या भावाला रूबेनला आणि आतेबहीण आल्माला एन्सिनोच्या घळीत घेऊन जायचे, पक्षी बघायला आणि फोटो काढायला. दरवर्षी बरोबर आजी असायची. कुठल्या झाडाखाली बसायचं, कधी बोलायचं आणि कधी तोंड मिटायचं, सगळं ती ठरवायची. गेल्या हिवाळ्यात आजी गेली, आणि तेव्हापासून तता फारसे घराबाहेर पडलेच नव्हते.

रूबेन म्हणत होता, नेणार नाहीत. आल्मा म्हणत होती, मी विचारते, मला ते कधी नाही म्हणत नाहीत. गाडी दारात थांबली तेव्हा तता पडवीत बूट घालून तयार बसले होते.

"उशीर केलात," ते म्हणाले. "कोआ काही तुमच्यासाठी थांबायचा नाही."

कोआ हा त्या घळीतला सगळ्यात देखणा पक्षी. पाठ चमकदार हिरवी, पोट लालभडक, आणि मधे गळपट्टीसारखी पांढरी रेघ. वसंतात तो मेक्सिकोतून येतो आणि ओढ्याकाठच्या सिकॅमोर झाडांच्या ढोलीत घर करतो. गेली काही वर्षं घळीत एकही जोडी आली नव्हती. यंदा आली होती आणि ढोलीत पिल्लं होती.

खाली काटेरी निवडुंगांचा उजाड उतार, आणि वळणावळणाने चढत गेलं की अचानक सावली, पाणी, ओल्या पानांचा वास. ग्रासिएलाने पुढे मोठेपणी कितीतरी रानं पाहिली, कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडली. पण सकाळच्या वेळी कुठेही ओल्या पानांचा वास आला, की तिच्या डोळ्यांसमोर तीच घळ उभी राही आणि ततांच्या पाठीवरची फाटकी पिशवी.

झऱ्यापाशी पोचल्यावर तता खडकावर टेकले. गुडघे दुखतात, तुम्ही व्हा पुढे, जेवायला खाली या, असं त्यांनी सांगितलं. मुलं वर गेली. सिकॅमोरपासून बऱ्याच अंतरावर, आजीने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, ती खडकाआड बसली.

थोड्या वेळाने मादी चोचीत किडा घेऊन आली, ढोलीत शिरली, पुन्हा उडाली. पुन्हा आली. ती एकटीच खेपा घालत होती. नर मात्र ओढ्यापलीकडे या फांदीवरून त्या फांदीवर नुसता चिडून ओरडत फिरत होता. घराकडे त्याचं लक्षच नव्हतं. पलीकडच्या झाडीतून दुसरा एक कोआ त्याला सारखा उत्तर देत होता.

"दुसरा नर आलाय," ग्रासिएला कुजबुजली. "हा त्याला हाकलतोय."

"हाकलतोय कसला, सकाळपासून भांडतोय," आल्मा म्हणाली. "आणि तिकडे बायको बिचारी राबतेय."

रूबेनला कंटाळा आला होता. तो पोटावर पडून गवताची काडी चावत होता. अचानक तो म्हणाला, "हा कुत्रा दर वेळी एकदाच का भुंकतो?"

"कुठला कुत्रा?"

"नीट ऐक. तो दुसरा कोआ ओरडतो, ओरडतो, मग गप्प होतो, आणि लांबून एक कुत्रा भुंकतो. मग परत पहिल्यापासून."

तिघांनी कान दिले. खरंच होतं. घोगरा कॉआ-कॉआ-कॉआ, मग क्षणभर शांतता, मग दूरवर एक भुंकणं. पुन्हा तसंच. जरासुद्धा फरक नाही. घळीत कुत्री आणायला बंदी होती आणि जवळपास एकही वस्ती नव्हती.

ग्रासिएलाने ओढ्यापलीकडे बोट दाखवलं. "तो पक्षी नाहीये," ती म्हणाली.

लांबचा वळसा घालून तिघं ओढ्यापलीकडे गेली. एका मुळाच्या बेचक्यात, पाल्याखाली, मगाएवढा काळा स्पीकर लपवलेला होता. कोआचा आवाज आणि ते भुंकणं, दोन्ही त्यातल्या रेकॉर्डिंगमधूनच येत होतं. आणि थोड्या अंतरावर, उन्हात न्हालेल्या एका फांदीकडे नळकांड्यांसारख्या लांब कॅमेऱ्यांचा रोख धरून पाचजण बसले होते. त्यांचा म्होरक्या होता ग्रँजर, पैसे घेऊन लोकांना फोटो काढायला आणणारा माणूस. त्या फांदीवर नर पुन्हा पुन्हा येऊन बसत होता आणि कॅमेरे कडकडत होते.

ग्रासिएला घाबरली होती, पण त्यांच्याकडे गेली. पिल्लं आहेत, बाप त्यांना भरवायचा सोडून इथे लढतोय, आणि आवाज लावायला मनाई आहे, घळीच्या तोंडाशी पाटीवर लिहिलंय, असं तिने शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं.

ग्रँजर हसला. "कसला आवाज, बाळ? हे रान आहे. रानात पक्षी ओरडतात." मग तो आपल्या माणसांकडे वळून म्हणाला की मी कधीच रेकॉर्डिंग वापरत नाही, मला फक्त जागा ठाऊक असतात. त्यांच्यातल्या एक पिकल्या केसांच्या बाई, मिसेस लिंडक्विस्ट, कौतुकाने मान डोलवत होत्या.

मुलं मागे सरली. आल्मा म्हणाली, स्पीकर उचलू आणि ओढ्यात टाकू. ग्रासिएलाला ते पटलं नाही. "आपण चोर ठरू, आणि उद्या तो दुसरा आणेल. त्या लोकांना कळायला हवं. त्यांना माहीतच नाही."

"तसला स्पीकर माझ्या मित्राकडे आहे," रूबेन म्हणाला. "बटण दाबलं की माझ्या फोनवरचं त्यातून वाजतं. मी बँडमधलं माझं ट्रंपेट लावतो."

"तुझं ट्रंपेट ऐकून अख्खी घळ रिकामी होईल," आल्मा म्हणाली.

रूबेन पोटावर सरपटत गेला, बटण दाबून परत आला. कोआ गप्प झाला. फांदीकडे बघत बसलेल्यांनी माना वर केल्या. रूबेनने घाईघाईने आवाज पूर्ण वाढवला आणि भलत्याच ठिकाणी बोट टेकवलं.

झाडीतून एका म्हाताऱ्या बाईचा ठणठणीत आवाज घुमला.

"कुठे उलथलात रे सगळे? हात धुतलेत का? चला, टॉर्टिया गार होतायत. आणि तुमच्या ततांनाही सांगा, हात धुतल्याशिवाय त्यांनाही मिळणार नाही."

ग्रासिएला गोठल्यासारखी उभी राहिली. तो आजीचा आवाज होता. रूबेनने तो फोनमध्ये जपून ठेवला होता आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भरून आले होते.

मिसेस लिंडक्विस्ट उठल्या. आवाजाच्या दिशेने गेल्या, पाला बाजूला केला आणि स्पीकर हातात घेऊन परत आल्या.

"मिस्टर ग्रँजर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा पक्षी फार छान स्वयंपाक करतो असं दिसतं."

ग्रँजर काहीतरी पुटपुटला. सगळेच असं करतात, थोडा वेळ वाजवलं तर काय बिघडतं, वगैरे. पण कुणी ऐकत नव्हतं. बाईंनी ग्रासिएलाला ढोलीबद्दल विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. एकेकाने कॅमेऱ्याचं तिकाटणं मिटलं. त्या आवाजाच्या जोरावर काढलेले फोटो मी ठेवणार नाही, असं म्हणत बाईंनी तिथेच ते पुसून टाकले. स्पीकर मात्र ग्रँजरला परत दिला नाही. जाताना वनरक्षकाच्या चौकीत देईन म्हणाल्या.

मंडळी उतरून गेल्यावर मुलं आपल्या खडकाआड परतली. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग नर एकदा ओरडला. उत्तर आलं नाही. तो थांबला, मान वळवून पाहिलं, पुन्हा ओरडला. मग उडाला आणि परतला तेव्हा त्याच्या चोचीत हिरवागार टोळ होता. तो सरळ ढोलीत शिरला. ग्रासिएलाने कॅमेरा उचललाही नाही.

मागे पावलं वाजली. तता दुखऱ्या गुडघ्यांनी तेवढी चढण चढून आले होते. त्यांना धाप लागली होती. "मी ऐकलं," ते म्हणाले.

रूबेन रडायलाच लागला. चूक झाली, मला ट्रंपेट लावायचं होतं, असं तो सांगू लागला. ततांनी त्याला जवळ ओढलं. मुलांनी काय काय केलं ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, ढोलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तुमची आजी असती तर तिने ग्रँजरला कान धरून खाली नेलं असतं. तुम्ही हात न लावता नेलंत. शहाणी पोरं."

"तता, पुन्हा लावू?" रूबेनने विचारलं.

त्यांना लावून हवं होतं, हे तिघांनाही दिसत होतं. पण त्यांनी मान हलवली. "इथे नको. पिल्लांना त्रास होईल. घरी."

संध्याकाळी पडवीत, डोंगर जांभळे होत असताना, रूबेनने फोन टेबलावर ठेवला. आजी तशीच ओरडली. टॉर्टिया खरंच गार होत चालल्या होत्या, पण कुणी घास उचलला नाही.

आवाज संपला. तता उठले, नळापाशी गेले आणि सावकाश, कोपरापर्यंत, स्वच्छ हात धुऊन आले.