बैठक मोडेपर्यंत

हसा, हसा पोरींनो! पण व्हर्नन स्टॉफरला भित्रा म्हणालात तर याद राखा. वीस वर्षं आम्ही दोघांनी या कॉलेजचा बॉयलर सांभाळला. थाप म्हणून कधी मारली नाही त्यानं. हाडाचा क्वेकर, खोटं न बोलणं हा आमचा धर्मच.

तीस जानेवारी, दोन हजार एकोणीस. बुधवार. संध्याकाळचे सव्वासहा, बाहेर काळोख, ताजा बर्फ. थंडीनं नळ फुटतात म्हणून व्हर्नन जुन्या प्रार्थनाघराचं पाणी बंद करायला निघाला. तेवढ्यात वसतिगृहाच्या मिसेस हॅलोवेल धावत आल्या.

"व्हर्नन, आमची टॅबिथा दुपारपासून दिसत नाही हो! कोटसुद्धा खोलीतच आहे."

"अहो, लायब्ररीत पुस्तकात डोकं घालून बसली असेल," तो म्हणाला. पण पावलं मात्र त्यानं भराभर उचलली.

प्रार्थनाघराचं दार त्यानं ढकललं. दिवा नव्हता. खिडक्यांतून बर्फाचा उजेड येत होता. बाकं गच्च भरलेली. मुलीच मुली. हात मांडीवर, सगळ्या गप्प.

आमची प्रार्थना तुम्हाला ठाऊकच आहे. गप्प बसायचं. समोरच्या बाकावरचे दोघे ज्येष्ठ हात मिळवतात तेव्हा बैठक मोडते. तोवर कुणी उठत नाही. व्हर्नननं सवयीनं टोपी काढली आणि मागे जाऊन बसला. गाढव कुठला!

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणी खोकेना...

त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. बाकी कुणाच्याच नाही.

नाही, एकीच्या निघत होती. तिसऱ्या बाकावर. बारीक...

टॅबिथा.

त्यानं हाक मारली. आवाज फुटेना. उठायला गेला. पाय उचलेनात. तिची वाफ थांबली... पुन्हा आली... पुन्हा थांबली.

समोरच्या बाकावर एकच म्हातारी होती. शेजारची जागा रिकामी. व्हर्ननला कळलं.  रांगत गेला. तिथे बसला. हात पुढे केला.

म्हातारी हलली नाही.

"आजी... लेकरू आहे हो ते. सोडा..."

खूप वेळानं तिनं हात दिला. सगळ्या बाकांवर हातात हात गेले. सळसळ झाली...

मग कुणी नाही. फक्त टॅबिथा, फरशीवर कोसळलेली.

तिला उचलून त्यानं बॉयलरपाशी आणलं तेव्हा मी तिथेच होतो. ओठ निळे पडलेले. तासाभरानं बोलली. "पेपर वाईट गेला म्हणून पाच मिनिटं बसायला गेले होते. मग सगळ्या आल्या... कुणीच उठेना काका, मग मी कशी उठू?"

घाबरू नका, वाचली ती. आता पिट्सबर्गला शिकवते.

पाणी बंद करायचं राहिलंच होतं, म्हणून मी गेलो. एकटा. त्या घरात महिनाभर शेगडी पेटली नव्हती. सहज एका बाकावर हात ठेवला...

उबदार. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. पुढचं बाक तसंच. त्याच्या पुढचंही. एकेक जागा चाचपत गेलो.

तिसऱ्या बाकावरची एकच जागा बर्फासारखी गार होती. आमची जिवंत पोर बसली होती, ती.